तारीख आणि शब्द

फरीदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरला तारीख असते. त्या तारखेमागे वेतन, पाळी आणि करार उभे असतात. संगणकाची जी आज्ञावली स्वयंसेवक मिळून रचतात व सर्वांसाठी खुली ठेवतात, तिच्या तारखेमागे मात्र दिलेल्या शब्दाखेरीज काहीच नसते. अशा कार्याला वेळापत्रक असावे काय?

‘सिद्ध होईल तेव्हाच प्रकाशन’ ही डेबियन प्रकल्पाची जुनी भूमिका. तिच्यामागील निष्ठा आदरणीय आहे. परंतु जुलै २००२ नंतरची मुख्य आवृत्ती जून २००५ मध्ये निघाली, हेही विसरता येत नाही. याउलट ग्नोम प्रकल्पाने सहामाही प्रकाशनाची रीत स्वीकारली. तारीख ठाम, जे अपुरे राहील ते पुढील आवृत्तीत. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी संपादक अशाच तारखेशी बांधला गेला आहे. रेंगाळलेल्या कथेसाठी दिवाळी थांबत नाही. आणि कथाही वाया जात नाही.

तथापि तारीख ठरवणे पुरेसे नाही. रांगेत शेवटी कोण उभा आहे, हे पाहावे लागते. येथे तो अनुवादक असतो. पडद्यावरची वाक्ये कायम झाल्यावाचून त्याचे काम पुरे होत नाही. म्हणून ग्नोमच्या वेळापत्रकात प्रकाशनापूर्वी काही काळ ही वाक्ये गोठवली जातात. नंतरच्या बदलास संमती घ्यावी लागते. हा नियम ढिला पडला, की रचनाकाराचा विलंब अनुवादकाच्या दिवसांतून वसूल होतो. मग पडदा अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी दिसतो, वापरणारा कंटाळून इंग्रजीकडे वळतो, आणि मराठीला मागणीच नाही, असा निष्कर्ष काढला जातो.

ठाम तारखेने स्वयंसेवकाचा वेठबिगार होतो, हा आक्षेप पोकळ नाही. त्याला उत्तर एकच: ओझे कमी करावे, माणसाला ताणू नये. तेही न साधल्यास तारीख उघडपणे पुढे न्यावी. उबुंटूची एप्रिल २००६ ची आवृत्ती पूर्वसूचना देऊन १ जून रोजी काढण्यात आली. भाषांतराची पूर्तता हे त्यामागील एक कारण होते. तारीख बदलणे हा दोष नव्हे. ती शेवटच्या माणसाला न विचारता मोडणे, हा दोष होय.