सीमोल्लंघन, पण कोणत्या वेशीतून?

आज विजयादशमी. काल खंडेनवमीला सुताराने रंधा-पटाशी पुसून पाटावर मांडली, रिक्षावाल्याने हँडलला हार बांधला, पिठाच्या गिरणीला हळदकुंकू लागले आणि हिंजवडी-खराडीच्या काचेच्या इमारतींतही कुणीतरी झेंडूची माळ मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावून दिली. ज्या सर्व्हरवर आपले पोट चालते ते आता इमारतीत नसतातच. मुंबई-हैदराबादकडच्या कुठल्याशा डेटा सेंटरात ते गारव्याला बसलेले असतात आणि तिथे कुंकवाची डबी घेऊन आपल्याला कोण आत सोडणार? म्हणून लॅपटॉपच्याच कोपऱ्याला बोट टेकवायचे आणि नमस्कार करायचा. घरी पाटीवर एकचे आकडे जोडत काढलेली सरस्वती असते, तिच्यासमोर मुलांची पुस्तके असतात. त्या पुस्तकांवर आपलेही एखादे पुस्तक ठेवावे, असे या दिवशी आपल्यापैकी अनेकांच्या मनात येते. प्रश्न एवढाच की, कोणते?

कारण दसऱ्याच्या आगेमागेच कचेऱ्यांत सहामाही आढाव्याचा तक्ता उघडतो आणि त्यात एक रकाना हमखास असतो: पुढचे सर्टिफिकेशन कोणते करणार? एप्रिलमध्ये घाईत काहीतरी लिहून टाकलेले असते. आता उरलेल्या सहा महिन्यांत ते खरे करायचे किंवा बदलायचे असते. शेजारच्या टेबलावरचा ॲझ्युअरची परीक्षा देतोय, मैत्रीण सुरक्षेकडे वळली, साहेबांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स करा म्हणून मेल पाठवला. अशा वेळी आपण रकान्यात जे लिहितो त्याला निवड म्हणावे की नुसती गर्दीबरोबरची चाल, याचा विचार करायला सणाची सुटी बरी.

महाराष्ट्राला संगणकाचे प्रमाणपत्र नवे नाही. २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत भरले, सरकारी नोकरदारांपासून गृहिणींपर्यंत लाखो लोक तिथे पहिल्यांदा माऊस धरायला शिकले आणि ते प्रमाणपत्र दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी फाइलमध्ये जाऊन बसले. तिथे ते बसले ते कायमचेच. त्याआधी नव्वदच्या दशकात नोव्हेल नेटवेअरचे, मग मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसईचे दिवस होते. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी दिवाणखान्यांत ती प्रमाणपत्रे चौकटीत लावून भिंतीवर टांगली गेली. त्यातले नेटवेअर वापरातूनच गेले आणि एमसीएसई मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद केले. चौकट भिंतीवर आहे, परीक्षा मात्र उरलेली नाही. सिस्कोने २४ फेब्रुवारी २०२० रोजी सीसीएनएच्या वेगवेगळ्या शाखा मिटवून एकच परीक्षा ठेवली. कॉम्पटिआ २०११ च्या आधी जी प्रमाणपत्रे जन्मभरासाठी देत असे, ती त्यानंतर नव्याने घेणाऱ्यांना तीन वर्षांच्या मुदतीने मिळू लागली.

पांडवांची शस्त्रे वर्षभर शमीच्या ढोलीत राहिली आणि खाली काढताच कामाला आली. आपल्या शस्त्रांना ती सवलत नाही. ॲमेझॉनचे प्रमाणपत्र तीन वर्षांचे, कुबरनेटिसचे आता दोन, आणि मायक्रोसॉफ्टची कामाच्या भूमिकेनुसार दिली जाणारी प्रमाणपत्रे दर वर्षी नव्याने सिद्ध करावी लागतात. अर्थात ती उजळणी घरबसल्या आणि विनाशुल्क होते, हे कबूल करायला हवे. म्हणजे आज आपण जी परीक्षा निवडतो ती एका सकाळचे काम नसते. ती पुढच्या काही वर्षांतल्या संध्याकाळी, शनिवार-रविवार आणि घरच्यांचा संयम आगाऊ मागून घेते. एवढे मोजून देण्याआधी ते कशासाठी, हे विचारणे आपले कर्तव्यच ठरते.

सोने म्हणून आपण आज जी आपट्याची पाने वाटणार आहोत, त्यांच्यामागची कौत्साची गोष्ट इथे आठवते. त्याचे गुरू वरतंतू यांना दक्षिणा नको होती. शिष्याने हट्टच धरला तेव्हा चौदा विद्यांचे चौदा कोटी असा हिशेब त्यांनी वैतागून मांडला. विद्येला नगावर दर लावण्याची ती पद्धत गुरूंनी रागाच्या भरात सुचवली होती आणि आपण मात्र ती गांभीर्याने चालवत आहोत. लिंक्डइनवरच्या बिल्ल्यांच्या रांगा पाहिल्या की हे पटते. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल या तिघांच्याही पहिल्या पायरीच्या परीक्षा एकामागून एक देणारे आपल्यात पुष्कळ आहेत. क्लाउड म्हणजे काय, मागणीनुसार क्षमता कशी वाढते, सुरक्षेची कोणती जबाबदारी कंपनीची आणि कोणती ग्राहकाची, हे तिन्ही ठिकाणी थोड्याफार फरकाने सारखेच विचारतात. तीनदा पाया खणून एकही भिंत न उभारण्यासारखेच हे झाले. पायाभूत परीक्षा एकदा द्यावी, तीही नव्याने या क्षेत्रात येणाऱ्याने. बाकीच्यांनी तिच्यावरून सरळ पुढे जावे.

पुढे म्हणजे कुठे? आमच्या मते, आपले रोजचे काम जिथे अडते तिथे. हे बोलायला सोपे वाटते, पण आपण बहुधा उलट करतो. जे येते त्याचीच पुढची परीक्षा देतो, कारण तिथे पास होण्याची खात्री असते. क्लाउडवर दोन-तीन वर्षे काम केलेल्या कितीतरी मुलामुलींना सबनेटचा हिशेब विचारला की ती थबकतात. ६४ पत्त्यांच्या सबनेटमध्ये सिस्कोच्या अभ्यासक्रमानुसार ६२ पत्ते यंत्रांना देता येतात. तेच सबनेट ॲमेझॉनवर मांडले तर पाच पत्ते राखीव असल्याने हाती ५९ उरतात. हा तीन पत्त्यांचा फरक ज्याला का ते सांगता येते, त्याला रात्री दोन वाजता बंद पडलेली जोडणी सापडण्याची शक्यता जास्त. अशांनी क्लाउडची आणखी वरची पायरी चढण्याआधी मागे येऊन सीसीएनए किंवा रेड हॅटची लिनक्सची परीक्षा द्यावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. मागे येणे हेही सीमोल्लंघनच आहे, फक्त ते मिरवणुकीत दिसत नाही.

परीक्षेची रीतही पाहावी. ॲमेझॉनच्या सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेत १३० मिनिटांत ६५ प्रश्न असतात. त्यांतले १५ गुणांत धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. हजारांपैकी ७२० हवेत. परीक्षा चांगली आहे, परंतु उत्तर चार-पाच पर्यायांत कुठेतरी समोरच असते. कुबरनेटिसच्या प्रशासक परीक्षेत तसे नाही. दोन तास, समोर टर्मिनल आणि खरी क्लस्टर. एक पॉड ‘पेंडिंग’मध्ये अडकलेला असतो. तो कशाने अडकला हे कुणी सांगत नाही. नोंदी वाचायच्या, नोडवर जागा आहे का पाहायचे, त्यावर टेंट लावून ठेवला आहे का तपासायचे, साठवणुकीची मागणी कुठल्या व्हॉल्यूमशी जुळलीच नाही का ते बघायचे. अधिकृत माहितीपत्रे उघडून वाचायची मुभा असते, पण वाचत बसायला वेळ नसतो. फी चारशे डॉलरांच्या वर जाते आणि त्यात एक फेरपरीक्षा धरलेली असते. दोन परीक्षा सारख्याच उपयोगाच्या वाटत असतील तर जिच्यात हात चालवावा लागतो ती घ्यावी. तिची तयारी पाठ करून होत नाही, आणि मुदत संपली तरी हात ते विसरत नाही.

पाठांतराचा विषय निघालाच आहे तर डम्प्सबद्दल बोलले पाहिजे. परीक्षेतले प्रश्न चोरून विकणारे आहेत आणि ते घेणारे आपल्याच ओळीत बसतात. हा कराराचा भंग आहे, उघडकीस आल्यास प्रमाणपत्र जाते, हे सर्वांना ठाऊक असते. त्याहून जड गोष्ट अशी की, आपण सांभाळतो त्या यंत्रणेवर कुणाचे तरी पेन्शन जमा होते, कुणाच्या तरी रक्ताचा अहवाल डॉक्टरांपर्यंत पोचतो. काल ज्या यंत्राला फूल वाहिले त्याच्याशी खोटे बोलायचे, हे आपल्या चालीरीतीत बसत नाही.

बाजाराचे काय, असे कुणी विचारेल. बाजाराकडे दुर्लक्ष करायला आपण संन्यासी नाही. घराचे हप्ते आहेत, असोसिएट पातळीच्या परीक्षेचे दीडशे डॉलरही आधी बहुतेकदा आपल्याच खिशातून जातात आणि कंपनी ते पास झाल्यावर परत करते. पण बाजाराचे ऐकताना आपले वयही सांगावे. सुरक्षा क्षेत्रात मान असलेल्या सीआयएसएसपीला पाच वर्षांचा अनुभव लागतो. दोन वर्षे झालेल्याने तिच्यामागे धावून आत्ता फारसे काही हाती लागत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परीक्षा डेटाशी रोज झटणाऱ्याने जरूर द्याव्यात. नेटवर्क सांभाळणाऱ्याने मात्र केवळ मागे राहण्याच्या भीतीने द्यायची असेल, तर आधी महिनाभर त्या विषयात काही करून पाहावे. गोडी लागली नाही तर फी वाचली.

आणि एखादे जुने प्रमाणपत्र संपू द्यावे. ज्या कामाशी आपला संबंध उरला नाही त्याची मुदत केवळ बिल्ला जाऊ नये म्हणून वाढवत राहणारे, नव्या अभ्यासाला वेळ मिळत नाही म्हणून हळहळतात. ते संपले म्हणून केलेले काम पुसले जात नाही.

एकदा ठरले की तारीख घ्यावी, कारण तारखेशिवाय अभ्यास दिवाळीतून नाताळात आणि नाताळातून मार्चअखेरीत सरकतो. घरून परीक्षा द्यायची तर एक लक्षात ठेवावे: खोलीचे चारही बाजूंचे फोटो आधी द्यावे लागतात, टेबल मोकळे लागते आणि परीक्षा चालू असताना कुणी आत आले तर ती तिथेच थांबवली जाऊ शकते. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत ज्या घरात चकलीची चव बघायला कुणी ना कुणी हाक मारणारच, तिथे परीक्षेची खोली मिळणे कठीण. तेव्हा तारीख त्याआधीची घ्यावी, नाहीतर सरळ केंद्र गाठावे.