उत्तर नको, ठिकाण दाखवा

शोधायचे दिवस संपले, आता फक्त विचारायचं, असा निकाल वर्ध्यातल्या एका व्याख्यानात ऐकून आलो आणि डोकं तडकलं. वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जुनं सर्च इंजिन लिंकांची यादी पुढ्यात टाकायचं आणि वाचायचे कष्ट आपल्यावर सोडायचं. नवं, उत्तर देणारं इंजिन स्वतः पानं वाचतं आणि स्वच्छ मराठीत उत्तर हाती ठेवतं. म्हणून समुद्रपूरच्या शेतकऱ्याला कृषी सहायकाची वाट पाहायला नको, आर्वीच्या विद्यार्थ्याला वाचनालयाची पायरी चढायला नको, आणि ज्यांना अजूनही शंका येते ती माणसं टाइपरायटरच्या काळातली. टाळ्या कडाडल्या. हे इंजिन मीही गेले काही आठवडे रोज वापरतो आहे, म्हणून बोलायचा हक्क आहे.

वेग आहे, मान्य. मराठी सफाईदार आहे, जुन्या यंत्रानुवादाची खडबड गेली, तेही मान्य. फुकट आहे, पण फुकटाचा भरवसा कोणी द्यावा? एवढं बोलून हे विषय सोडतो. माझं भांडण गावांवरून आहे.

वर्धा जिल्ह्याचे तालुके आठ. त्यांतल्या तिघांच्या नावाचे तालुके महाराष्ट्रात दुसरीकडेही आहेत. आपलं आष्टी आणि बीडचं आष्टी, आपलं कारंजा आणि वाशीमचं कारंजा, आपलं सेलू आणि परभणीचं सेलू. लोकांनी यावर तोडगा केव्हाच काढला. आपलं ते आष्टी शहीद, आपलं ते कारंजा घाडगे, वाशीमचं ते कारंजा लाड. बसस्थानकावर उभ्या असलेल्या कुठल्याही म्हातारीला हा फरक पाठ असतो.

मी नव्या इंजिनाला वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीची माहिती विचारली, तिथे कसं जायचं तेही विचारलं. सुरुवात चांगली झाली. १६ ऑगस्ट १९४२ चा उठाव, हुतात्मे, गावाच्या नावाला लागलेला शहीद हा शब्द. आणि पुढच्याच परिच्छेदात अहिल्यानगरहून थेट रेल्वे! ती रेल्वे खरी आहे, सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, पण ती बीडच्या आष्टीला जाते. दोन गावं एकाच उत्तरात शिवून टाकली होती आणि शिवण कुठेच दिसत नव्हती. यादीच्या पद्धतीत दोन लिंका वेगवेगळ्या दिसल्या असत्या, एकीवर बीड, दुसरीवर वर्धा. चौथीतलं पोरही आपली कोणती ते ओळखतं. नव्या इंजिनाचं काम निराळं चालतं. प्रश्नाशी जुळणारी थोडी पानं गोळा करायची, त्यांतले तुकडे उचलायचे आणि त्यांवरून सलग वाक्यं रचायची. पानं दोन गावांची आली की उत्तरही दोन गावांचं होतं. वाक्यापुढे बारीक आकडा असतो, तो दाबला की मूळ पान उघडतं. तो आकडा दाबायची आता गरजच नाही, हीच तर व्याख्यानातली मुख्य शिकवण होती.

हळदीचंही तेच. वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते वायगाव समुद्रपूर तालुक्यातलं, लोक त्याला वायगाव हळद्या म्हणतात. दुसरं वायगाव निपाणी, ते वर्धा तालुक्यात. इंजिनाने हळद खुशाल वायगाव निपाणीत नेऊन लावली. नागपूरहून बियाणं घ्यायला निघालेला माणूस या उत्तरावर विसंबला तर भलत्याच गावात जाऊन उभा राहील, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही हळद टिकवली त्यांच्या दारात कोणी जाणार नाही. याला किरकोळ चूक म्हणायला मी तयार नाही.

नावांच्या या गोंधळाची किंमत आमच्या जिल्ह्याने आधी मोजलेली आहे. गांधीजी १९३६ मध्ये सेगावात राहायला आले आणि त्यांचं टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जायला लागलं. अखेर १९४० मध्ये गावाचं नावच सेवाग्राम झालं. पण पत्र चुकलं की चुकल्याचं कळतं. ते येत नाही, किंवा दुसऱ्या गावचा शिक्का घेऊन येतं. चुकलेलं उत्तर बरोबर उत्तराच्याच सुरात येतं आणि त्यावर कुठलाच शिक्का नसतो.

व्याख्यानातल्या प्रात्यक्षिकात असं काही घडलं नाही, कारण तिथे सेवाग्रामबद्दलच विचारलं गेलं. गांधीजींच्या समग्र लेखनाचे १०० इंग्रजी खंड इंटरनेटवर आहेत. ऑक्टोबर १९३७ ची शिक्षण परिषद असो की १४ जुलै १९४२ चा काँग्रेस कार्यसमितीचा वर्ध्यातला ठराव, जगभरच्या अभ्यासकांनी त्यांवर लिहून ठेवलंय. तिथे यंत्र चुकेल कशाला? गवळाऊ गाईबद्दल विचारा, हिंगणघाटच्या कापसाबद्दल विचारा, मग त्याचा साठा किती उथळ आहे ते दिसतं. मे २०२४ मध्ये गूगलच्या अशाच सोयीने पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद मिसळायचा सल्ला दिला, कारण कोणीतरी थट्टेत लिहिलेलं वाक्य तिने खरं धरलं. जगभर बभ्रा झाला, दुरुस्ती झाली. वायगावच्या चुकीचा बभ्रा कोण करणार?

आणि कृषी सहायक नको म्हणता? बोंडअळीच्या फवारणीचं विचारलं तेव्हा एका पानावरचं एकरी प्रमाण आणि दुसऱ्या पानावरचं हेक्टरी प्रमाण एकाच वाक्यात आलं. शेजारच्या यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर मेले. त्या जिल्ह्याच्या सीमेवर उभं राहून कृषी सहायक नको असा सल्ला देणाऱ्याने बोलण्याआधी दहा वेळा विचार करावा.

हा वाद माझ्यासाठी नवा नाही. अपेक्षित प्रश्नसंच निघाले तेव्हाही पुस्तक कशाला वाचायचं, उत्तरं तयार आहेत, असंच सांगणारे होते. पंचवीसेक वर्षांपूर्वी मराठीसाठी युनिकोडचा आग्रह धरला तर फाँट आहेत ना, मग कशाला, असं ऐकवलं जायचं. ज्याचा त्याचा फाँट वेगळा, पडद्यावर मराठी दिसायची आणि यंत्राला ती निरर्थक अक्षरं वाटायची. त्या काळात टंकलेलं कितीतरी मराठी लेखन आजही शोधात सापडत नाही. बंगळूरचं गुरुजी डॉट कॉम २००६ मध्ये भारतीय भाषांत शोध द्यायला निघालं आणि काही वर्षांतच बंद पडलं. शोधायला मजकूरच पुरेसा नसेल तर शोधयंत्र काय शोधणार? आज उत्तर देणारं इंजिन त्याच रिकाम्या कोठारापुढे उभं आहे. फरक एवढाच की कोठार रिकामं आहे हे ते सांगत नाही.

तरीही हे इंजिन मी सोडलेलं नाही. जिल्ह्याच्या जुन्या कापूसबाजाराबद्दल मराठीत विचारलं तेव्हा त्याने रसेल यांनी संपादित केलेलं वर्धा जिल्ह्याचं १९०६ चं इंग्रजी गॅझेटियर उघडून दिलं, नेमक्या प्रकरणासह. ज्याला इंग्रजीत शोधायची सवय नाही त्याच्यासाठी हे दार नवं आहे, आणि ते मला मनापासून हवं आहे. मराठीत विचारावं आणि कुठल्याही भाषेतल्या मूळ कागदापाशी पोचावं, एवढं एक काम त्याने चोख करावं. मूळ पान वर, त्याचा सारांश खाली. गावाच्या नावापुढे तालुका आणि जिल्हा. न सापडल्यास सापडलं नाही, असं सरळ उत्तर.

आपल्याकडचं काम त्याहून साधं आहे. प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयाने आपल्या गावांची माहिती, पिकं, बाजाराचे दिवस, जुनी नावं, युनिकोड मराठीत टंकून इंटरनेटवर ठेवावी. फोटो काढून चिकटवलेली पीडीएफ नको. सुरुवात समुद्रपूरने करावी आणि पहिलं पान वायगाव हळद्याचं असावं.