पॅड बांधून बसलेला माणूस

आपल्या सीमाभागात रणजीचा मोसम आला की एकाच घरात दोन पक्ष पडतात. वडील मुंबईचे, मुलगा कर्नाटकचा. जानेवारी 2010 मध्ये म्हैसूरला अंतिम सामना झाला, मनीष पांडेच्या 144 धावांनी कर्नाटकला विजयाच्या दारात नेले आणि मुंबईने अवघ्या 6 धावांनी बाजी मारली, तेव्हा तर बघायलाच नको!

त्या सामन्यात एक नाव नव्हते. अमोल मुझुमदार. मुंबईसाठी खोऱ्याने धावा काढलेला हा फलंदाज त्या हंगामात आसामकडून खेळत होता.

त्याची कथा शाळेपासूनची. फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अभंग भागी रचली. पुढचा फलंदाज अमोल होता. आचरेकर सरांचा हा तेरा वर्षांचा चेला दोन दिवस पॅड बांधून बसून राहिला. बॅट काही हाती धरावी लागली नाही.

मग 1993-94 च्या हंगामात हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणातच 260 धावा. प्रथम श्रेणी पदार्पणाचा तो जागतिक विक्रम 2018 पर्यंत टिकला. पण भारतीय संघाची मधली फळी म्हणजे भरलेली एस्टी! सचिन बसलेलाच होता, 1996 मध्ये द्रविड, गांगुली, लक्ष्मणही चढले. एकही उतरायला तयार नाही. दुसऱ्या एखाद्या काळात हा गडी पन्नास कसोट्या सहज खेळला असता, असे आमचे ठाम मत आहे.

2006-07 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी जिंकली. त्यानंतर आसाम, मग आंध्र. आपल्याकडे मास्तरांची बदली होते तशी गावे बदलत राहिली, धावा मात्र थांबल्या नाहीत. 2014 मध्ये थांबला तेव्हा खात्यावर 171 प्रथम श्रेणी सामने, 11,167 धावा, 30 शतके. भारतीय कसोटी संघाची टोपी नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये तो भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला. 2025 च्या विश्वचषकात ओळीने तीन सामने हरल्यावर टीकेचे मोहोळ उठले. नंतर उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध 339 धावांचे लक्ष्य गाठले, जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद 127. आणि 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेवर 52 धावांनी मात. सामना संपताच कर्णधार हरमनप्रीत कौर वाकून अमोलच्या पाया पडली. आता घरातले दोन्ही पक्ष टाळ्या वाजवत होते.