बंद पडलेली पद्मिनी ट्रॅक्टरला बांधून ओढू नका



आज उसावर, हुमणीवर काही नाही. आज ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांवर लिहितोय. आपल्या भागात गावटी एखादी तरी असतेच, कुणाची फियाट, कुणाची पद्मिनी. आजोबा गेले, वडिलांचे गुडघे गेले, पोरांनी नवी गाडी घेतली आणि ही राहिली गोठ्यामागे. दहा-पंधरा वर्षं टपावर कोंबड्या बसतात. मग एक दिवस घरात कुणाला तरी हौस येते. नवी बॅटरी आणतात, सेल्फ मारतात, टक् असा आवाज येतो आणि गप्प. लगेच ट्रॅक्टर येतो, साखळी बांधतात, गिअर टाकतात आणि देतात ओढून.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. उभं राहून जाम झालेलं इंजिन बहुतेक वेळा जिवंत असतं. त्याला मारतो आपण, या पहिल्या दिवसाच्या घाईत.

का ते बघा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होतं तेव्हा कुठल्या तरी सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. त्यातून पावसाळ्याची ओल आत जाते, कधी कार्बेटरकडून, कधी सायलेन्सरकडून. तिथं पिस्टनच्या रिंगा आणि बोअर यांच्यात गंज धरतो. म्हणून खोलल्यावर एक-दोन सिलिंडर खराब दिसतात आणि बाकीचे चकचकीत. हा गंज कांद्याच्या पापुद्र्याएवढा असतो. तेल दिलं, वेळ दिला, तर सुटतो. ट्रॅक्टरनं ओढलं तर गंज सुटायच्या आधी रिंग तुटते आणि तिचा तुकडा बोअरला नांगरासारखा तास पाडतो. त्याहून वाईट म्हणजे हेडचं पॅकिंग गेलेलं असेल तर सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. शेजारच्या गावात अशीच एक ओढली. मागची चाकं मातीत फरफटत गेली, इंजिन एकदाच फिरलं आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. सकाळपर्यंत ती गाडी होती, संध्याकाळी किलोवर भंगारात गेली.

विहिरीवरचं डिझेल इंजिन ज्यांनी हाताळलंय त्यांना हे नवीन नाही. पावसाळाभर बंद राहिलेलं इंजिन दिवाळीला हलत नसे. तेव्हा जुनी माणसं काय करायची? वरून रॉकेल सोडायची, रात्रभर ठेवायची आणि सकाळी फ्लायव्हील धरून थोडं पुढं, थोडं मागं. हाणामारी कुणी करत नसे, कारण पिकाचं पाणी त्यावरच होतं. गाडीच्या बाबतीत मात्र आपण हे सगळं विसरतो.

पद्मिनीचं इंजिन तसं साधं, १०८९ सीसीचं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. आत संगणक नाही, सेन्सर नाही. आधी चारही प्लग काढा. काढण्याआधी वायरींना खुणा करा, फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे, तो चुकला तर नंतर उगाच डोकं खाजवत बसाल. प्लग नीट बघा. ज्याच्यावर गंज, तो सिलिंडर दुखणाईत. मग प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडा आणि चार दिवस गाडीकडं फिरकू नका. खरं तर आठ दिवस. रोज संध्याकाळी थोडं तेल वाढवलं तरी चालेल. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं हलवून बघा. एक बोट फिरलं तरी जिंकलात. जिथं अडेल तिथून मागं घ्या, परत पुढं. लांब पाइप घालून जोर करायचा नाही. पूर्ण दोन फेरे मोकळे फिरेपर्यंत बॅटरीला हात लावायचा नाही.

मधल्या दिवसांत दुसरी कामं उरका. एअर क्लीनरचा डबा उघडा, दहात आठ वेळा उंदरानं घरटं केलेलं असतं. वायरी कुरतडल्यात का बघा, कारण आग तिथूनच लागते. चेंबरचा बोल्ट हळूच सैल करा. तळाला पाणी असेल तर ते आधी येईल, मग काळं ऑइल. ऑइल दुधाळ आलं तर हेडच्या पॅकिंगवर संशय घ्या. रेडिएटर खोलून धुवा. आपल्याकडं वर्षानुवर्षं बोअरचं क्षाराचं पाणी घातलेलं असतं, त्यानं ॲल्युमिनियमचं हेड आतून खाल्लं जातं. इथून पुढं साधं पाणी घालायचंच नाही, कूलंट घाला.

टाकीतलं जुनं पेट्रोल वासावरूनच कळतं, वॉर्निशसारखा वास येतो. ते टाकीसकट बाहेर काढा. कार्बेटरचे जेट तारेनं टोकरू नका, भोक मोठं होतं आणि मग इंजिन कायम पेट्रोल पितं. धुवून हवा मारा. पॉइंटवर बारीक पॉलिश पेपर फिरवा.

आता जे बहुतेक जण करत नाहीत ते. नवीन ऑइल भरल्यावर प्लग न लावताच सेल्फ मारा, थोडा थोडा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. इतकी वर्षं बेअरिंगं कोरडी आहेत. प्लग काढलेले असले की इंजिनावर दाब नसतो, ते हलकं फिरतं आणि तेल वरपर्यंत पोचतं. त्यानंतरच प्लग लावून स्टार्ट. निळा धूर निघेल, घाबरू नका, आपण ओतलेलं तेलच जळतंय. रेस करू नका. शेजारी वाळूची बादली ठेवा. आणि इंजिन सुरू झालं म्हणून गाडी रस्त्यावर काढू नका, ब्रेकचं काम व्हायचंय अजून.

इथं मिस्त्रीचा विषय येतो. इंजिन सुरू झालं पण ताकद नाही म्हटलं की बरेच जण लगेच सांगतात, बोअर मारा, पिस्टन बदला. त्याआधी कॉम्प्रेशन मोजायला सांगा. कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. वाढलं तर रिंगांचा दोष, नाही वाढलं तर व्हॉल्व्हचा किंवा पॅकिंगचा. रिंगा थोडं चालवल्यावर बऱ्याचदा आपोआप मोकळ्या होतात. पाच मिनिटांची तपासणी आहे, हजारोंचा खर्च वाचतो. जो मिस्त्री न मोजता इंजिन खोलायला निघतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

दुसरा सल्ला मिळतो तो म्हणजे "हे काढा आणि दुसरं इंजिन बसवा." याला माझा ठाम विरोध आहे. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो. परवानगी न घेता बदललं की पुढं फिटनेसला, विमा भरायला, विकायला, सगळीकडं अडतं. शिवाय २०२१ पासून केंद्राचा विंटेज गाड्यांचा नियम आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात असलेली खासगी गाडी त्यात नोंदवता येते. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा ही त्यातली अट. ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन आणि रॅलीपुरतीच, हेही लक्षात ठेवा. म्हणजे ज्यांच्याकडं १९७५च्या आधीची फियाट आहे, त्यांच्यासाठी ते जाम झालेलं मूळ इंजिन हाच कागद आहे. भंगारवाल्याला ते चार-पाच हजारांत देऊन टाकलं की संपलं. बाकीच्यांना साधं नूतनीकरण आहे, पण २० वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये फी झालीय. म्हणून इंजिनाला हात लावायच्या आधी आरसी शोधा. चेसिस नंबर, इंजिन नंबर जुळवा. नंबर जुळत नसेल तर खर्च करायचा का, ते घरात बसून ठरवा.

आणि एक गोष्ट आपल्याच घरची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्या उसाचं, त्याला मी वाईट म्हणणार नाही, कारखान्याचं बिल त्यातूनही निघतं. पण ४० वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. पेट्रोल पंपाचा पडदा फुगतो, नळ्या मऊ पडून गळतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, मग टाकी आतून गंजते. गंमत बघा, ज्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखाना उभा केला, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी आली. साखर आणि पद्मिनी एकाच घरची. आता साखरेचं इथेनॉल पद्मिनीच्या नळ्या खातंय. उपाय अवघड नाही. इथेनॉल चालणाऱ्या नव्या नळ्या टाका, पंपाचा पडदा बदला, आणि महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका.

मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या. त्यामुळं सुटे भाग पुढं महाग होत जाणार असं मला वाटतं. ज्यांना करायचंय त्यांनी हेडचं पॅकिंग, पॉइंट, वॉटर पंप एवढं आत्ताच घेऊन ठेवावं.

ज्यांची गाडी जाम आहे त्यांनी खाली चारही प्लगचे फोटो टाका. रेडिएटरकडून पहिला, असे ओळीनं ठेवून काढा. बघून सांगतो. पण कृपा करून तोपर्यंत साखळी परत गोठ्यात नेऊन ठेवा.