पडद्यामागचा पडदा

गेल्या दिवाळीत भाच्याकडे मेडशीला गेलो होतो. वाशीम जिल्ह्यातले, अकोला-वाशीम रस्त्यावरचे हे गाव. सोयाबीनचा हंगाम होता आणि शेजारच्या व्यापाऱ्याच्या काट्यापुढे पोत्यांची रीघ लागली होती. काट्याला जोडलेल्या संगणकाचा प्रोग्रॅम आमच्या भाच्यानेच लिहिलेला. वजन, भाव, रक्कम, सारे पडद्यावर उमटे. पण पोते ठेवले की अख्खा पडदा लुकलुके.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलेच, “बाबू, हा आकडा असा लपून काऊन रायला?”

हिशेब चोख होता. पण ज्या आकड्यात वर्षाची मेहनत आहे तोच डोळे मिचकावू लागला, तर विश्वास बसावा कसा?

रात्री मी विचारले, “काय रे, नवे यंत्र घ्यावे लागणार?”

“नाही मामा, चूक माझीच. एक आकडा बदलला तरी मी सगळी चौकट पुसून पुन्हा काढतो. पुसणे आणि काढणे यांमधली कोरी पाटी डोळ्याला दिसते.”

वाचकहो, सिनेमावाल्यांनी ही अडचण कधीच ओळखली होती. बोलपटात सेकंदाला 24 चित्रे सरकतात. पण चित्र सरकताना फिरती झडप प्रकाश अडवते, म्हणून सरकणे दिसत नाही. शिवाय तीच झडप प्रत्येक चित्र निदान दोनदा दाखवते. सेकंदाला 48 झळाळ्या झाल्या की लुकलुक फारशी जाणवत नाही.

भाच्याने तीन उपाय केले. जो आकडा बदलला तेवढाच पुन्हा काढायचा. यादीत शंभर ओळी भरायच्या तर आधी ‘बिगिनअपडेट’ म्हणून रेखाटन थांबवायचे आणि शेवटी ‘एंडअपडेट’ म्हणून एकदाच दाखवायचे. तिसरा उपाय ‘डबल बफरिंग’ : चित्र आधी संगणकाच्या स्मृतीत पुरे करायचे, मगच पडद्यावर आणायचे. नाटकात प्रवेश बदलताना पडदा पाडतात, तसेच हे. फक्त पडदा पडल्याचेही इथे कळत नाही.

दुसऱ्या दिवशी तो म्हातारा उरलेली पोती घेऊन आला. पडद्याकडे त्याने एकदाच पाहिले आणि व्यापाऱ्याशी भावावरून तावातावाने भांडू लागला.

भाचा माझ्याकडे पाहून हसला. वजनाबद्दल आता कुणाची तक्रार नव्हती!