आगकाड्या आणि कोयते

१९१५ साली कै. दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा एक लहानसा चित्रपट केला. युक्ती साधीच आहे. काडी किंचित सरकवावयाची व एक चित्र घ्यावयाचे. पुन्हा सरकवावयाची, पुन्हा घ्यावयाचे. सेकंदास १६ चित्रे धरली तर मिनिटाच्या मौजेस ९६० चित्रे लागतात. पडद्यावर काड्या आपोआप नाचतात. त्यांस हलविणारा हात कोणास दिसत नाही.

यंदा आमच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांनी हाच प्रयोग मोबाईलवर केला. काड्यांचे मजूर, पत्र्याच्या डब्याचे यंत्र. यंत्र मजुरांस गिळते. उरलेले रणांगणावर जाऊन जळतात. संमेलनात टाळ्या पुष्कळ पडल्या. पोरांची चिकाटी पाहून आम्हासही कौतुक वाटले. परंतु मन पुरते मानीना.

यंत्र का राक्षस आहे? १९२८ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी ठरविले की, दोन माग पाहणाऱ्या विणकराने यापुढे तीन पाहावेत. माग तेच होते. आकडा माणसांनी बदलला. त्यावरून झालेला संप सुमारे सहा महिने चालला. त्यापूर्वी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, गिरण्यांस नफा अलोट झाला आणि मजुराच्या घरी महागाई आली. म्हणून १९१९ च्या जानेवारीत लाखावर मजूर बाहेर पडले. रणांगण त्यांनी पाहिलेही नव्हते. आमच्या नांदेडची उस्मानशाही गिरणी तर शेवटी बंदच पडली. तेथे यंत्राने माणसास गिळले असे कोणी म्हणावे? यंत्रे व माणसे दोन्ही एकदमच रिकामी झाली.

दुसरे असे की, मजूर म्हणजे एकासारखी एक काडी नव्हे. आपल्याकडे ऊसतोडीस जाणाऱ्या नवराबायकोस मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. दोन जिवांची गणती एका हत्याराने व्हावी, हे आम्हास फार लागते. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, हंगामभर ती फेडावयाची, एक दिवस आजारी पडल्यास खाडा भरावयाचा. बाई पहाटे भाकरी थापून फडात जाते आणि डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरते.

आता लातूर-नांदेडकडील फडांतही तोडणीयंत्रे दिसू लागली आहेत. कंबर मोडणारे काम लोखंडाने केले तर त्यात वाईट काय? यंत्र घेणाऱ्यास अनुदान देण्याची सरकारी योजनाही निघाली. ज्यांचा कोयता घरी बसेल त्यांच्या पोटाची योजना मात्र त्याच कागदावर असावयास हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. यंत्राने वाचविलेल्या श्रमाचा लाभ यंत्राच्या धन्यासच का?

विद्यार्थिमित्रहो, पुढील चित्रपटात डब्यास दात काढू नका. डबा ज्याने आणला तो हात दाखवा, आणि काड्यांपैकी निदान दोघींतिघांस नावे द्या. नावे शोधावयास दूर जाणे नको. दिवाळीनंतर वर्गातील कोणते बाक रिकामे होतात ते पाहा.

ज्या पालकांस यंदाही तोडीवर जाणे भाग आहे, त्यांनी निघण्यापूर्वी शाळेत येऊन आम्हास भेटावे. मुलास आजीपाशी, आप्तांकडे की हंगामी वसतिगृहात ठेवावे, याचा विचार मिळून करू. गाडीत सामान चढल्यावर तो करता येत नाही.