कौंडिण्य मस्कतला पोचलं, पण त्याचा आराखडा आला कुठून?

आयएनएसव्ही कौंडिण्यचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. लाकडी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून बांधलेलं हे जहाज 29 डिसेंबर 2025 ला पोरबंदरहून निघालं आणि शिडांच्या जोरावर 14 जानेवारी 2026 ला मस्कतला पोचलं.

कौतुक झालं ते शिवणकामाचं, आणि ते योग्यच आहे. बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली केरळच्या कारागिरांनी हजारो टाके घातले. पण मला जास्त भारी वाटतं ते पडद्यामागचं काम.

या जहाजाचा जुना आराखडाच नव्हता. हाताशी होतं अजिंठ्याच्या लेण्यातलं पाचव्या शतकातलं एक चित्र. समजा, ॲपचा फक्त स्क्रीनशॉट देऊन कोणी म्हणालं, 'हेच बनवून दे.' आम्ही सॉफ्टवेअरवाले डोकं धरून बसू! इथे कामाला येतो नेव्हल आर्किटेक्ट. नौदलाने आयआयटी मद्राससोबत या जहाजाच्या मॉडेलच्या पाण्यातल्या चाचण्या केल्या, डोलकाठीचा वेगळा अभ्यास केला.

हिशोब नेमका कसला?

जहाज कललं की पाण्याचा वर ढकलणारा जोर कललेल्या बाजूला सरकतो आणि जहाजाला परत सरळ करतो. पण वजन फार वर असेल, तर कल वाढतच जातो. 1628 मध्ये स्वीडनचं वासा हे युद्धनौकेचं धूड पहिल्याच सफरीत असंच आडवं होऊन बुडालं. तेव्हा जहाजं अनुभवावर बांधली जायची. स्थिरतेचं गणित फ्रान्सच्या पिएर बूगे यांनी मांडलं ते 1746 मध्ये. आमच्याकडे बग राहिला तर अपडेट सोडता येतो. बुडालेल्या जहाजाला अपडेट नसतो.

शहाद्यात बसून हे कशाला वाचायचं?

आपल्याकडे समुद्र नाही, पण आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठच्या गावांना बोटीशिवाय पर्याय नाही. जानेवारी 2019 मध्ये तिथे भाविकांची बोट उलटून माणसं गेली. कौंडिण्यसाठी झाला तेवढा अभ्यास प्रत्येक बोटीसाठी नको. पण किती माणसं, कुठे बसणार, हे जाणकाराने तपासून बोटीवर ठळक रंगवलेलं तरी हवं. हा खर्च फार मोठा नाही.

आणि तुमच्या हातात एक गोष्ट आहे. बोटीत सेल्फीसाठी सगळे एकाच बाजूला जाऊ नका, टपावर तर नकोच. वजन वर गेलं की गणित बिघडतं.